स्नायूंत तयार होणारी प्रथिने, नसांचे जुनाट दुखणे आणि मनःस्थिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आता व्यायामाची गोळी येणार’ अशा मथळ्याची बातमी आली की त्या आठवड्यात प्रश्नांची रांग लागते. व्यायामात स्नायूंतून निघणारी प्रथिने औषध म्हणून देता येतील, अशी ती कल्पना. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून कुणी चालू औषध परस्पर बंद करू नये. त्याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

१. स्नायूंमधून प्रथिने बाहेर पडतात म्हणजे काय? स्नायू तर हालचालीसाठी असतात ना?

हालचाल हे त्यांचे काम आहेच. पण प्रौढ माणसाच्या वजनात साधारण ४०% वाटा स्नायूंचा असतो आणि एवढा मोठा अवयव नुसता ओढण्या-उचलण्यापुरता नसतो. स्नायू आकुंचन पावले की त्यांच्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. ती यकृत, चरबी, हाडे आणि मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींचे वागणे बदलतात. अशा प्रथिनांना मायोकाइन म्हणतात. हे नाव कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुढे आणले.

त्याच गटाचा २००० सालचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात पळवाटच ठेवलेली नाही. सहा निरोगी पुरुषांना खुर्चीत बसवून पाच तास एकाच पायाचा गुडघा सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा, असा व्यायाम दिला. रक्तवाहिन्यांत नळ्या घालून पायात जाणारे आणि पायातून परत येणारे रक्त तपासले. व्यायाम करणाऱ्या पायातून येणाऱ्या रक्तात इंटरल्यूकिन-६ (पुढे आयएल-६) जास्त होते, स्वस्थ पायाच्या रक्तात तसा फरक नव्हता. म्हणजे ते प्रथिन राबणाऱ्या पायातूनच येत होते.

२. माझे दुखणे ‘नसांचे’ आहे की साधे, हे कसे ओळखायचे?

पक्के निदान तपासणीनेच होते, पण खुणा बोलक्या असतात. आग होणे, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, टाचण्या टोचल्यासारखे वाटणे, मुंग्या, आणि यांच्या जोडीला त्याच भागात बधिरपणा. चादरीचा कडा पायाला घासला तरी कळवळायला होते आणि त्याच पायातून चप्पल कधी निसटली ते मात्र कळत नाही, असे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत होत असेल तर संशय नसांवरच जातो.

संवेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेलाच इजा किंवा आजार झाल्यामुळे जे दुखते ते नसांचे दुखणे, अशी वैद्यकातली व्याख्या आहे. मधुमेह, नागीण, दबलेली नस, केमोथेरपी, मज्जारज्जूची इजा ही नेहमीची कारणे. लोकसंख्येच्या साधारण ७ ते १०% लोकांना असे दुखणे असते असा अंदाज आहे. गुडघा झिजल्यामुळे होणारे दुखणे यात सहसा बसत नाही.

३. दुखते पायात आणि डॉक्टरांनी गोळी दिली डिप्रेशनची. माझे दुखणे मनाचे आहे असे त्यांना वाटते का?

नाही. ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधे दोन्हींवर चालतात. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे काही मार्ग खालून येणारे वेदनेचे संदेश दाबून धरतात. हे मार्ग सेरोटोनिन आणि नॉरएड्रिनलिन वापरतात आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या जाळ्यातही हीच रसायने असतात. ड्युलोक्सेटिनला अमेरिकेत २००४ मध्ये नैराश्यासाठी आणि मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यासाठी, अशा दोन्ही मान्यता काही आठवड्यांच्या अंतराने मिळाल्या.

शिवाय वर्षानुवर्षे झोप मोडणारे दुखणे माणसाला उदास करतेच, आणि उदास माणसाला तेच दुखणे जास्त बोचते. स्नायूंच्या प्रथिनांकडे संशोधक आशेने पाहतात ते यामुळेच: एकाच गोष्टीचा दोन्हीकडे उपयोग होईल का, हे त्यांना पाहायचे आहे.

४. यातली मुख्य प्रथिने कोणती?

यादी शेकड्यांत जाईल. दुखणे आणि मन यांच्या संदर्भात सतत येणारी नावे मात्र मोजकी आहेत. आयएल-६ सर्वांत जास्त अभ्यासलेले (प्रश्न ११). आयरिसिन सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त (प्रश्न ५). बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारे आणि त्यांच्या जोडण्या बळकट करणारे प्रथिन. ते स्नायूंतही बनते, पण तिथले बरेचसे तिथेच वापरले जाते (प्रश्न १०). कॅथेप्सिन-बी २०१६ मध्ये चर्चेत आले: उंदरांत ते नसेल तर पळण्यामुळे मेंदूला होणारा फायदा दिसला नाही. पण हेच प्रथिन कर्करोगाच्या पेशींना आजूबाजूच्या ऊतींत शिरायला मदत करते, त्यामुळे ते औषध म्हणून टोचण्याचा विचार कुणी सहजासहजी करणार नाही. मेटिओरिन-लाइक हे आणखी एक, त्याचे भावंड प्रश्न ६ मध्ये भेटेल.

मायोस्टॅटिन वेगळ्या जातीचे आहे. ते स्नायूंतूनच येते, पण स्नायूंची वाढ रोखते. त्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

५. आयरिसिन हे थोतांड आहे असे एका व्हिडिओत ऐकले. खरे काय?

व्हिडिओवाल्याने गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे.

२०१२ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने आयरिसिनचा शोध जाहीर केला. स्नायूंच्या पेशींच्या आवरणात एफएनडीसी-५ नावाचे प्रथिन असते, त्याचा ११२ अमिनो आम्लांचा तुकडा कापला जाऊन रक्तात येतो, असे त्यांचे म्हणणे होते. जगभर त्यावर संशोधन सुरू झाले. मग वर्षभरातच शंका आली. या जनुकात प्रथिन बनवायला सुरुवात करण्याची जी खूण असते ती माणसात नेहमीची नाही, वेगळी आहे. त्यामुळे माणसात ते पुरेसे बनतच नसावे, असा आक्षेप २०१३ मध्ये आला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले की बाजारात मिळणारे अनेक चाचणी-संच आयरिसिन सोडून भलतीच प्रथिने मोजत होते. त्या लेखाच्या मथळ्यातच आयरिसिनला मिथक म्हटले होते. व्हिडिओ इथे संपत असावा.

पण त्याच वर्षी मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूचे वस्तुमान थेट मोजणाऱ्या पद्धतीने, माणसाच्या रक्तात आयरिसिन सापडले. बैठ्या माणसांत मिलिलिटरमागे सुमारे ३.६ नॅनोग्रॅम आणि व्यायामाचे प्रशिक्षण घेतलेल्यांत सुमारे ४.३. माणसे मोजकीच होती आणि फरकही फार मोठा नाही. तेव्हा आयरिसिन खरे आहे, मात्र चुकीच्या संचांनी मोजून छापलेले जुने आकडे विश्वासार्ह नाहीत. एखाद्या लेखात आयरिसिनची पातळी यापेक्षा शेकडो पटींनी जास्त दिली असेल तर तो लेख मी बाजूला ठेवतो.

६. ही प्रथिने नसांचे दुखणे कमी करतील तरी कशी?

नसेला इजा झाली की बिघाड इजेच्या जागेपुरता राहत नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे बाहेरून आलेली नस आपला संदेश पुढच्या पेशीकडे सोपवते, तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी चवताळतात. त्या दाह वाढवणारे रेणू सोडतात. त्यामुळे संदेश दाबणाऱ्या पेशींचा लगाम सुटतो आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून वर जाऊ लागतो.

स्नायूंतली प्रथिने इथे तीन प्रकारे कामी येऊ शकतील असे मानले जाते: दाह शांत करणे, इजा झालेल्या नसेच्या तंतूंना जगवणे आणि वाढवणे, आणि साखर-चरबीचा कारभार सुधारून मुळातली इजाच कमी करणे. मधुमेही माणसाच्या बाबतीत तिसरा प्रकार फार महत्त्वाचा आहे आणि बातम्यांत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

आयरिसिन दिल्यावर नसांना इजा केलेल्या प्राण्यांची अतिसंवेदनशीलता कमी झाल्याचे प्रयोग आहेत. मेटिओरिनचा २०१२ सालचा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे: नस आवळून इजा केलेल्या मोठ्या उंदरांना हे प्रथिन टोचल्यावर स्पर्शाची अतिसंवेदनशीलता उलटली आणि इंजेक्शने थांबल्यावरही परिणाम काही काळ टिकला. नेहमीच्या वेदनाशामकाचा अंमल उतरला की दुखणे परत येते, म्हणून हे टिकणे लक्षवेधी. मात्र मेटिओरिन हे मुख्यतः मज्जासंस्थेतले प्रथिन. स्नायूंतून येते ते त्याचे भावंड, मेटिओरिन-लाइक. बातम्यांत दोघांची सर्रास गल्लत होते.

७. आणि मनःस्थितीवर? स्नायू मेंदूला काय कळवतात?

इथे मला सर्वांत पटणारी गोष्ट अशा प्रथिनांची आहे जी स्नायू सोडून कुठे जातच नाहीत.

अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा बराच भाग शरीरात कायन्युरेनिनमध्ये बदलतो. ताण आणि दाह असेल तर हे प्रमाण वाढते. कायन्युरेनिन मेंदूत शिरू शकते आणि तिथे त्यापासून चेतापेशींना त्रासदायक पदार्थ बनतात. नैराश्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत होर्हे रुआस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की व्यायामाने स्नायूंमधली केएटी नावाची विकरे वाढतात आणि ती रक्तातल्या कायन्युरेनिनचे कायन्युरेनिक आम्ल करून टाकतात. या आम्लाला रक्तातून मेंदूत जाता येत नाही. ज्या उंदरांच्या स्नायूंत पीजीसी-१ अल्फा-१ हे व्यायामाने वाढणारे प्रथिन जनुकीय बदलाने मुद्दाम जास्त ठेवले होते, ते दीर्घ ताणानंतरही उदासीची लक्षणे दाखवत नव्हते.

म्हणजे स्नायू नुसता निरोप धाडत नाही, रक्त साफही करतो. औषधाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. साफसफाईची यंत्रणाच स्नायूच्या आत असेल तर एखादे प्रथिन बाटलीत भरून टोचल्याने ती मिळणार नाही.

दुसरा मार्ग आयरिसिनचा. उंदरांत एफएनडीसी-५ वाढवले की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात बीडीएनएफ वाढते, हे २०१३ मध्ये दिसले. हिप्पोकॅम्पस स्मरणाशी आणि मनःस्थितीशी जोडलेला आहे.

८. याचे इंजेक्शन किंवा गोळी कधी मिळेल? परदेशात मिळते का?

कुठेही मिळत नाही. नसांच्या दुखण्यासाठी किंवा नैराश्यासाठी मान्यता मिळालेले एकही मायोकाइन औषध आज नाही. ‘आयरिसिन’ किंवा ‘व्यायामाचे पेप्टाइड’ म्हणून ऑनलाइन कुप्या विकल्या जातात. त्यांत काय आहे, किती आहे आणि ते निर्जंतुक आहे का, हे कुणी तपासलेले नसते. ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी त्यावर असतेच. विकत घेऊ नका, टोचून घेऊ नका.

९. उंदरांवर चालते तर माणसांवर आणायला एवढा उशीर का?

आधी उंदरांचे दुखणे मोजतात कसे ते पाहू. उंदराला तारेच्या जाळीवर ठेवतात. खालून नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवतात आणि तो वाकेपर्यंत दाबतात. मग जास्त जाड, मग आणखी जाड. कोणत्या तंतूला उंदीर पाय उचलतो त्यावरून दुखण्याचा आकडा ठरतो. उदासी मोजायची एक जुनी पद्धत म्हणजे त्याला पाण्यात सोडून तो किती सेकंद हातपाय मारायचे थांबतो ते पाहणे. रात्री तीन वाजता तळपायांची आग होऊन उठून बसलेल्या माणसाची अवस्था यातून किती कळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. उपयोग नाही असे नव्हे, पण अंतर मोठे आहे.

दुसरे म्हणजे, प्रथिन टोचून नसा बऱ्या करण्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (एनजीएफ) नसांच्या बारीक तंतूंना जगवते. मधुमेहातल्या नसांच्या आजारावर त्याची सुरुवातीची चाचणी आशादायक ठरली. मग १,०१९ रुग्णांवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००० मध्ये आला: मुख्य निकषावर फायदा नाही. इंजेक्शनच्या जागी दुखणे हा ठळक त्रास. पुढे तर एनजीएफ अडवले तर दुखणे कमी होते असे ध्यानात आले आणि त्याला अडवणारी प्रतिपिंडे सांधेदुखीवर तपासली गेली. दुखणे कमी झाले, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले. त्यातल्या टॅनेझुमॅबला अमेरिकेच्या औषध नियामकांच्या सल्लागार समितीने २०२१ मध्ये १९ विरुद्ध १ मतांनी नकार दिला.

तिसरी अडचण साधी आहे: प्रथिन तोंडाने घेतले तर पचते, टोचले तर बऱ्याचदा लवकर नाहीसे होते, आणि रक्तातून मेंदूत बहुतेक मोठ्या रेणूंना सहज शिरता येत नाही.

१०. बीडीएनएफ वाढवा असे सगळे सांगतात. मग काही लेखांत त्यानेच दुखणे वाढते असे का लिहिलेले असते?

दोन्ही बरोबर आहे. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच.

हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ वाढणे मनःस्थितीला सहसा पोषक असते. पण मज्जारज्जूत, प्रश्न ६ मधल्या त्याच चवताळलेल्या मायक्रोग्लिया पेशी बीडीएनएफ सोडतात. २००५ मध्ये हे उलगडले: त्या बीडीएनएफमुळे वेदना पुढे पाठवणाऱ्या पेशींतला क्लोराइडचा तोल बिघडतो. एरवी त्या पेशीला शांत करणारा गाबा या रसायनाचा संदेश मग तिला शांत करू शकत नाही, कधी कधी उलट उत्तेजितच करतो. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसे. आणि मेंदूतही सगळीकडे सारखे नाही: सुख-बक्षिसाच्या मार्गात बीडीएनएफ असल्यामुळेच छळ सोसलेले उंदीर दबून वागतात, असे २००६ च्या एका प्रयोगात दिसले.

म्हणून ‘बीडीएनएफ वाढवणारे’ अशी जाहिरात दिसली की विचारावे, कुठे वाढवणारे? सगळ्या शरीरात एकदम वाढवणारे औषध उदासी कमी करून दुखणे वाढवू शकेल. व्यायामाबाबत ही भीती का नाही? कारण तो एकाच प्रथिनाचा नळ सोडत नाही. प्राण्यांच्या अभ्यासांत नसेच्या इजेनंतर नियमित व्यायाम केला की मज्जारज्जूतला दाह कमी झालेला दिसतो.

११. माझ्या रक्तात आयएल-६ वाढलेले आहे, डॉक्टर म्हणतात हा दाह. तुम्ही म्हणता ते व्यायामाने वाढते आणि चांगले असते!

कोण सोडते, किती वेळ आणि सोबत काय असते, यावर सगळे अवलंबून आहे.

मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमानंतर रक्तातले आयएल-६ शंभर पटींपर्यंत वाढू शकते. श्रम थांबले की काही तासांत ते उतरते, आणि त्याच्या मागोमाग आयएल-१० सारखी दाह शमवणारी प्रथिने वाढतात. संधिवातात किंवा पोटावरच्या चरबीमुळे वाढलेले आयएल-६ मात्र दिवसरात्र थोडे थोडे चढलेलेच राहते आणि त्याच्या जोडीला टीएनएफसारखे दाहक रेणू असतात. नैराश्य असलेल्या अनेकांतही ते असे वाढलेले आढळते, आणि इजा झालेल्या नसेजवळ वाढलेले आयएल-६ दुखण्यात भर घालते.

तेव्हा तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. एक व्यावहारिक गोष्ट: ही तपासणी करायची असेल तर आदल्या दिवशी जबर व्यायाम केला असल्यास तो तपासणाऱ्याला सांगा.

१२. प्रोटीन पावडर घेतली, मांस खाल्ले, तर ही प्रथिने मिळतील का?

नाही. पोटात गेलेले प्रथिन अमिनो आम्लांत मोडते, मग ते कोणत्याही प्राण्याच्या स्नायूतले असो. आहारात प्रथिने हवीत ती स्नायू टिकवण्यासाठी. मायोकाइन स्नायू स्वतः बनवतो.

१३. मग व्यायामाने खरोखर फरक पडतो का? किती करायचा?

मनःस्थितीबाबत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचे, १४,१७० लोकांचे एकत्रित विश्लेषण आले. चालणे-धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणे मध्यम प्रमाणात कमी झाली. व्यायाम जितका जोमदार तितका फायदा जास्त. त्रुटी अशी की आपण व्यायामाच्या गटात आहोत हे सहभागी माणसापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. शिस्तशीर चाचण्या तेवढ्या निवडल्या तर फायद्याचा आकडा लहान होतो, हे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यातही दिसले होते.

नसांच्या दुखण्यावरचे अभ्यास लहान आहेत. २०१२ च्या एका प्राथमिक अभ्यासात मधुमेहातल्या नसांचा आजार असलेल्या १७ जणांनी १० आठवडे एरोबिक आणि ताकदीचा व्यायाम केला. त्यांचे दुखणे कमी झाले, आणि त्वचेचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नसांच्या तंतूंना जास्त फांद्या फुटलेल्या दिसल्या. तुलनेचा गट नव्हता, तरीही तंतूंच्या फांद्या अपेक्षेने फुटत नाहीत. केमोथेरपीबाबतचा २०२४ चा एक अभ्यास जास्त ठोस आहे: ऑक्सॅलिप्लाटिन किंवा व्हिंका प्रकारची औषधे घेणाऱ्या १५८ रुग्णांत, उपचारासोबतच तोल आणि स्नायूंच्या समन्वयाचे व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ३०% जणांना नसांचा त्रास झाला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७०% होते.

या फायद्यातला किती वाटा मायोकाइनचा, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. रक्तपुरवठा, झोप, साखर, आणि चार माणसांत मिसळणे यांचाही वाटा आहे.

किती करायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम अशी आहे. दुखणाऱ्या माणसाने हा आकडा पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर ठेवू नये. सुरुवात कशी करायची ते पुढच्या उत्तरात.

१४. चाललो की दुसऱ्या दिवशी दुखणे दुप्पट होते. तरी रेटायचे का?

रेटू नका, सोडूही नका. आज चालल्यावर उद्या दुखणे नेहमीच्या पातळीवर असेल एवढेच अंतर आधी शोधा. ते पाच मिनिटे असेल तर पाच मिनिटे. चांगल्या दिवशी अर्धा तास आणि मग तीन दिवस अंथरूण, ही सवय सर्वांत जास्त नुकसान करते. पाय अजिबात टेकवत नसतील तर पाण्यातला व्यायाम, बसून हातांचे व्यायाम किंवा स्थिर सायकल चालते. स्नायू कोणताही असो, आकुंचन पावला पाहिजे.

दोन अपवाद. थोड्याशा श्रमानंतर एक-दोन दिवसांनी पूर्ण गळून जाणे, डोके न चालणे, हे दीर्घ थकव्याच्या आजाराचे लक्षण असू शकते. तिथे व्यायाम वाढवत नेणे घातक ठरते. आणि ताकद अचानक कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेत बधिरपणा येणे असे झाले तर व्यायामाचा विचारही न करता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर चालायला हरकत नसते, पण तळपाय रोज आरशात पाहायचे, नीट बसणारे बूट घालायचे, आणि जखम असेल तर ती भरेपर्यंत त्या पायावर भार नाही.

१५. व्यायाम सुरू केला, बरे वाटते. प्रेगाबालिन बंद करू का?

परस्पर नाही. प्रेगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधे एकदम थांबवली तर झोप उडणे, घाम, चिडचिड, दुखणे उसळणे असे त्रास होतात. कमी करायची असतील तर डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने.

ही औषधे कमी पडतात ही तक्रार मात्र रास्त आहे. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार प्रेगाबालिन साधारण आठ जणांनी घेतले तर त्यातल्या एकाला नकली गोळीपेक्षा जास्तीचा, ठळक आराम मिळतो. ड्युलोक्सेटिनसाठी हा आकडा सहाच्या आसपास, अमिट्रिप्टिलिनच्या गटासाठी चारच्या आत. नवे मार्ग शोधले जातात ते म्हणूनच. या गोळ्यांनी गरगरत असेल तर व्यायाम कठड्याजवळ किंवा बसून करा.

१६. ज्याचे स्नायू मोठे त्याच्यात मायोकाइन जास्त, असे समजू का? मग मायोस्टॅटिन अडवणारे औषध घेतले तर?

आकारापेक्षा वापर महत्त्वाचा. मोठा स्नायू स्वस्थ बसला तर तोही फारसे काही सोडत नाही. मायोस्टॅटिन १९९७ मध्ये सापडले. ते नसलेल्या उंदरांचे स्नायू प्रचंड वाढले. पण त्याला अडवून स्नायूंच्या आजारांत माणसांची ताकद वाढवण्याचे बरेच प्रयत्न फसले आहेत, आणि नसांच्या दुखण्यासाठी असे औषध मान्य नाही. खेळाडूंना ते उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे.

१७. माझ्या भावाच्या मानेला इजा होऊन हातपाय निकामी झाले आहेत. त्याचे स्नायू ही प्रथिने सोडू शकतील का?

कठीण प्रश्न आहे आणि उत्तर इजेच्या पातळीवर बदलते. हाताने पेडल फिरवण्याच्या व्यायामानंतर निरोगी माणसांत आयएल-६ वाढते. मानेच्या पातळीवर इजा झालेल्यांत तशी वाढ दिसली नाही. तिथे वापरता येणारे स्नायू कमी असतात आणि श्रमात एड्रिनलिन सोडणारी चेतायंत्रणाही तुटलेली असते; नुसते आकुंचन पुरत नाही असे त्यातून दिसते. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू हलवून पाय पेडलवर फिरवण्याचा व्यायाम पुनर्वसन केंद्रांत करून घेतात. स्नायू आणि रक्ताभिसरणासाठी तो उपयोगी आहे. दुखणे हमखास जाईल असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अशा इजेत घरी स्वतःहून प्रयोग करणे धोक्याचे, कारण रक्तदाब अचानक चढू शकतो.

१८. अशा औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा आहे. काय विचारू?

आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांच्या नोंदणी-संकेतस्थळावर शोधा. मग विचारा: हा कितवा टप्पा आहे? पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का एवढेच पाहतात, आराम मिळेल ही अपेक्षा तिथे ठेवू नये. मला नकली इंजेक्शन मिळण्याची शक्यता किती? चालू गोळ्या थांबवाव्या लागतील का, आणि त्या काळात दुखणे असह्य झाले तर कोणते औषध मिळेल? मनःस्थिती बिघडली तर कुणाला फोन करायचा? जनुकीय उपचार असेल तर आणखी एक: नको वाटले तर थांबवता येतो का? इंजेक्शन बंद करता येते, पण विषाणूमार्फत पेशीत पोचवलेले जनुक परत काढता येत नाही.

आणि प्रायोगिक औषधाचे पैसे तुमच्याकडूनच मागत असतील तर ती बहुधा चाचणी नसते, विक्री असते. तिथे सही करू नका.